अक्काला फंड लागू आहे का?

रविवारी सकाळी आमच्या अक्कानं मेथीची एक जुडी आणली, तर ती नुसती भेटायला आली आहे असं समजावं. दोन आणल्या तर काहीतरी काम असतं. त्या रविवारी तिनं मेथी, शेपू आणि वर पिशवीभर वांगी आणली, तेव्हाच मी पेपर खाली ठेवून मागच्या दारानं बाहेर पडायला हवं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण लंकाबाई. पंचवटीच्या भाजीबाजारात बसते. आमचे भावजी लवकर गेले. त्यांच्या मागं तिनं त्याच जागेवर बसून एकुलता एक देवराम वाढवला, त्याचं लग्न केलं आणि सून चांगुणा घरात आल्यापासून रोज तिच्याशी भांडण केलं. हे भांडण इतकं नियमित होतं, की गल्लीतल्या बायका त्यावरून नळाला पाणी यायची वेळ ओळखत.

मी जयराम पगारे. ब्याऐंशी साली मी नाशकातल्या एका सरकारी ऑफिसात हिशोब शाखेत वरिष्ठ लिपिक होतो. आडनाव आणि टेबल यांचा असा मेळ क्वचितच बसतो, हा विनोद आमच्या ऑफिसात नव्यानं येणारा प्रत्येक माणूस आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा चेहऱ्यानं मला सांगतो. मी हसतो. नोकरी आहे.

"जया," अक्का पाटावर बसत म्हणाली, "तुला म्हातारपणी पेन्शन मिळणार ना?"

"मिळणार."

"मग मलाबी लाव."

"अक्का, पेन्शन नोकरी करणाऱ्याला असते."

"अन मी काय करते? कोंबडं आरवायच्या आत बाजारात असते मी."

"तशी नव्हे. सरकारी नोकरी."

"मग बाजारात बसायची पावती रोज कोण फाडतं? सरकारच ना?"

चहा झाल्यावर खरी गोष्ट निघाली. हमरस्त्याला लागून भावजींच्या वाट्याचा एक जमिनीचा तुकडा होता. रस्ता रुंद करताना तो गेला आणि त्याची भरपाई अक्काच्या हातात आली. रक्कम काही डोळे फिरावेत अशी नव्हती, पण देवरामचे फिरले. त्याला पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांची ने-आण करायला एक जुना टेम्पो घ्यायचा होता. तो टेम्पो त्यानं मला एकदा दाखवलाही होता. उभा असताना चांगला दिसत होता.

"पोरगं वाईट नाय," अक्का म्हणाली. "पण मागं कोंबड्या पाळल्या, त्या मेल्या. मग सायकली भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. सायकली गेल्या त्या गेल्याच. आता टेम्पो म्हणतोय. मला पैसा असा ठेवायचाय, की मला सुद्धा काढता येऊ नये. मी आई हाय. तो दोन दिवस जेवला नाय की मी देऊन टाकीन, मला ठावं हाय. मग हात थकल्यावर मी कुणाच्या दारात बसू?"

इथं मी 'बघू' म्हणालो असतो तर गोष्ट संपली असती. पण हिशोब शाखेत काम करणाऱ्या माणसाला पैशाबद्दल विचारलं आणि त्यानं मत दिलं नाही, असं आजवर झालेलं नाही. मी तिला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी समजावून सांगितला. बँकेत खातं उघडायचं. पंधरा वर्षांची मुदत. काही वर्षांनी थोडेफार काढता येतात, पण सगळे मुदतीनंतरच. व्याज मिळतं, त्यावर कर नाही. कोर्टाची जप्तीसुद्धा या पैशावर येत नाही.

"कोर्टालाबी नाय काढता येत?" अक्काचे डोळे चमकले.

"नाही."

"मग हेच पाहिजे. कुणाला मिळतं हे?"

"कोणालाही."

हा शब्द मी जरा मोठ्यानं उच्चारला. त्याबरोबर आमच्या आणि शेजारच्या अंगणामधल्या भिंतीवर झुंबरअण्णांचं डोकं उगवलं.

झुंबरअण्णा एस.टी.चे निवृत्त कंट्रोलर. उभा जन्म गाड्या सोडण्यात गेल्यामुळे ते साधं वाक्यसुद्धा फलाटाचा नंबर सांगावा तसं बोलतात. त्यावर शंका घेतली तर आपलीच गाडी चुकेल, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

"कोणालाही म्हणजे कोणाला?" अण्णा म्हणाले. "सरकार कोणालाही काही देत नसतं, पगारे. हे खातं इन्कम टॅक्स भरणाऱ्यांसाठी आहे."

"मी टॅक्स भरत नाय," अक्काचा चेहरा पडला.

"बाजाराची पावती फाडता ना? तो टॅक्सच." आपणच घातलेली अट अण्णांनी आपणच उदारपणे काढून टाकली. "पण दुसरी अट आहे. वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे. पंधरा वर्षांची मुदत, म्हणजे साठाला माणूस मोकळा झाला पाहिजे. साधा हिशोब आहे."

हिशोब खरोखरच साधा होता, म्हणूनच तो मला पटला. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा, लताबाईंचा, आवाज आला, "बँकेत जाऊन विचारा ना सरळ."

आता यात एक अडचण होती. आठवड्यापूर्वी स्वतःसाठी याच फंडाची चौकशी करायला मी बँकेत एकदा जाऊन आलो होतो. त्या काउंटरवरचे साहेब ट्रेनिंगला गेले होते आणि शेजारच्या काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या हातात एक कोरा फॉर्म ठेवून, "तुम्ही हिशोब शाखेतले ना? मग तुम्हाला काय सांगायचं?" असं म्हटलं होतं. एवढी इज्जत मिळाल्यावर परत जाऊन "वयाची अट काय हो?" असं विचारणं माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

"अक्का, तुझं वय किती?"

"ते तू सांग. शिकलाय तू."

बऱ्याच आठवणी काढल्यावर एक खूण सापडली. तीस साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला आमची आई गेली होती, तेव्हा अक्का तिच्या कडेवर होती. चालायला येत नव्हतं, पण घोषणा ऐकून टाळ्या वाजवायची, असं आई सांगायची. त्यावरून मी आकडेमोड केली. "म्हणजे तू त्रेपन्न वर्षांची."

"त्रेपन्न चालणार नाही," अण्णा म्हणाले. ही गाडी येवल्याला थांबणार नाही, असं सांगावं तसे.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी अक्काला कोर्टाच्या आवारात घेऊन गेलो. सोबतीला अण्णा होतेच. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कडुलिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसलेल्या एका गृहस्थासमोर आम्ही बाकावर बसलो. त्यानं कागद चढवला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "किती करू?"

"काय किती?"

"वय."

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की साधारणपणे..."

"चाळीस करा," अण्णा म्हणाले. "गोल आकडा असावा."

टाइपरायटर खडखडला. मी काही बोललो नाही. ऑफिसच्या भाषेत याला 'हरकत नोंदवली नाही' असं म्हणतात आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं, हे मला पुढं कळलं. त्या टायपिस्टानं स्वतःच्या मनानं आणखी एक ओळ घातली, की सदर लंकाबाई हिला तिचा सख्खा धाकटा भाऊ जयराम पगारे, अमुक ऑफिस, हा ओळखतो. वाचून दाखवताना मला ती ओळ फार भारदस्त वाटली. अक्काला चाळीसचा आकडा आवडला. "आजवर कुणी खरं बोललं नव्हतं," ती म्हणाली आणि अ‍ॅफिडेव्हिट पदराखाली घालून रिक्षात बसली.

घरी जाऊन तिनं तो कागद चांगुणाला दाखवला. आता चांगुणा स्वतःला तिशीची म्हणवत होती. सासूचं आणि आपलं वय इतकं जवळ आलेलं पाहून तिनं जे तोंड सोडलं, ते म्हणे नदीपलीकडे ऐकू गेलं.

एवढ्यावर थांबायला काही हरकत नव्हती. पण अण्णांना रात्रीतून तिसरी अट आठवली.

"बाईमाणसाचं खातं आहे, पगारे. घरातल्या पुरुषाची संमती लागेल. नवरा नसेल तर मुलाची सही."

"बँकेत विचारलं का?" लताबाई म्हणाल्या.

मी विचारलं नाही. मी एक संमतिपत्र लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. आणि ज्या पोरापासून पैसा लपवायचा, त्याचीच सही घ्यायला मी पंचवटीत गेलो. हे आता लिहिताना जेवढं मूर्खपणाचं वाटतं, तेवढं तेव्हा वाटलं नव्हतं. कागदाला सही लागते एवढंच माझ्या डोक्यात होतं. नोकरीनं माणसाचं असं होतं.

देवराम ओट्यावर बसून सायकलच्या चेनला तेल देत होता. हीच एक सायकल परत आली होती.

"मामा, कसली सही?"

"काही नाही रे. आईच्या कागदपत्रांचं काम आहे."

त्यानं कागद उलट्या बाजूनं धरला, मग सुलट केला आणि सावकाश वाचला. त्याला शाळेत घालायचा हट्ट मीच धरला होता.

"पंधरा वर्षं?" तो उठून उभा राहिला. "मामा, पंधरा वर्षं पैसे बँकेत? मी टेम्पोला बयाणा दिलाय! तुम्हाला सरकारचा पगार हाय, पेन्शन हाय. मी काय करायचं, दुसऱ्याच्या गाडीवर हमाली करायची?"

"अरे, आईच्या म्हातारपणाची..."

"मी हाय ना आईच्या म्हातारपणाला! का मी मेलो?"

गल्ली गोळा झाली. अक्का बाजारातून आली नव्हती, तरी चांगुणानं तिच्या नावानं सुरुवात केली. "म्हातारी पैसा कुठं दडवून बसलीय ते सांगत नाय! म्हणते, पेटी बघा, डबे बघा! माझ्या नवऱ्याला खायला उठते अन मामाच्या घरी भाजी पोचवते!" मी संमतिपत्राची घडी केली. माझ्या पांढऱ्या शर्टाला चेनच्या तेलाचे चार काळे ठसे लागले होते. ते कसे लागले ते मला अजून माहीत नाही. निघताना देवराम म्हणाला, "मामा, उद्यापासून आपलं बोलणं बंद." आणि चांगुणा म्हणाली, "चहा घेऊन जा." मी दोन्ही ऐकलं आणि निघालो.

त्याचा राग मला समजत होता, आणि म्हणूनच तो मला जास्त लागला. पोरगा कामाला कचरणारा नव्हता. त्याच्या हातात एखादं काम आलं की त्याचं काहीतरी होत असे, एवढंच.

फॉर्मला अ‍ॅफिडेव्हिटची खरी नक्कल जोडावी लागेल आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागेल, हे मात्र अण्णांनी सांगितलं नव्हतं. ते माझंच ज्ञान. आमचे साहेब राजपत्रित. ते सही करताना वाचत नसत. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी अशा नकलांवर डोळे मिटून सह्या केल्या असतील. त्या दिवशी त्यांचा चहा यायला उशीर झाला आणि समोर दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी ती नक्कल वाचली.

"पगारे, ही लंकाबाई तुमची कोण?"

"थोरली बहीण, साहेब."

"वय चाळीस?"

"हो... म्हणजे कागदावर..."

"आणि तुम्ही धाकटे?"

"हो साहेब."

"तुमच्या सेवापुस्तकात वय काय आहे?"

"शेहेचाळीस."

साहेबांनी पेनाला टोपण घातलं. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. संध्याकाळच्या आत आस्थापना शाखेचा कागद माझ्या टेबलावर होता. थोरली बहीण चाळीस वर्षांची असता धाकट्या भावाचे वय शेहेचाळीस कसे, आणि ते चाळिसाच्या आत असल्यास सदर कर्मचारी कितव्या वर्षी सेवेत दाखल झाला, याचा लेखी खुलासा करावा.

इथं थोडं जन्मतारखांबद्दल सांगायला हवं. आमच्या पिढीतली निम्मी मुलं एक जूनला जन्मली. शाळेत नाव घालायला गेलं की मास्तर पोराच्या उंचीकडे बघत आणि रजिस्टरात एक जून लिहीत. आमच्या शाखेत सात जणांपैकी पाच जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. त्यामुळे जन्मतारखेची चौकशी सुरू झाली म्हणताच माझ्याबद्दलची सहानुभूती एका क्षणात नाहीशी झाली. "पगारे, तुमच्यामुळे सगळ्यांची पुस्तकं उघडतील," असं म्हणून लोक माझ्या टेबलाजवळून लांबून जाऊ लागले. कॅन्टीनमध्ये बातमी पसरली, की पगाऱ्यांनी निवृत्ती लांबवण्यासाठी कोर्टातून वय कमी करून आणलं. एकानं खाजगीत येऊन विचारलं, "किती लागले?"

बहिणीच्या म्हातारपणाची सोय करायला निघालेल्या माणसाची स्वतःची पेन्शन आता टेबलावर आली होती. त्या रात्री मी जेवलो नाही. लताबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मला न सांगता पंचवटीत निरोप पाठवला.

दुपारी अक्का ऑफिसात आली. थेट बाजारातून आली होती, कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर रिकामी पाटी. पाटी तिनं साहेबांच्या केबिनबाहेर ठेवली आणि शिपायानं हात आडवा केला तेव्हा त्याला म्हणाली, "पाटीकडं ध्यान ठेव." तो पाटीजवळ उभा राहिला.

"साहेब, जय भीम," अक्का आत जाऊन म्हणाली. "मी लंकाबाई. याची थोरली बहीण."

साहेबांनी कागद पुढं ओढला. "इथं तुमचं वय चाळीस आहे."

"तो कागद येडा हाय. मी त्रेपन्नची. याला मी कडेवर घेऊन वाढवलंय."

"पुरावा आहे का?"

"हा काय उभा," अक्कानं माझ्याकडे बोट केलं. केबिनचं दार उघडं होतं आणि बाहेर टाइपरायटर एकेक करून थांबत होते. "लय रडका होता, साहेब. मी नजरंआड झाले की भोकाड पसरायचा. याला कापडं नव्हती, तर माझा परकर कापून आईनं याला झगा शिवला. शाळेत जायच्या वयाचा होईस्तोवर तो झगाच घालायचा. काढू म्हटलं तर काढू देत नव्हता, त्याला लाल फुलं होती ना. त्याच्या डोक्यात मागं खोक हाय, बघा. माझ्या कडेवरून पडला होता. जया, वाक जरा."

"अक्का..."

"वाक म्हणते ना."

मी वाकलो. साहेबांनी उठून, चष्मा लावून, वरिष्ठ लिपिकाच्या डोक्यातली खोक पाहिली. मी वाकलेलाच होतो, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण त्यांचा आवाज बदलला होता. "ठीक आहे. खूण आहे." मग ते खुर्चीत बसून रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "पगारे, ते अ‍ॅफिडेव्हिट रद्द करून घ्या. आणि खुलाशात झग्याचा उल्लेख करू नका."

खुलासा मंजूर झाला. माझी जन्मतारीख एक जूनच राहिली. मात्र त्यानंतर बरेच महिने कोणी माझ्या टेबलावर लाल फुलांचं काही ठेवलं, तर ते चुकून ठेवलेलं नसे.

कडुलिंबाखालचा टायपिस्ट आम्हाला ओळखून होता. "आता किती करू?" त्यानं विचारलं.

"खरं करा," मी म्हणालो.

"खरं म्हणजे किती?"

यावेळी अण्णांना मी आणलं नव्हतं. पहिलं अ‍ॅफिडेव्हिट चुकीचं होतं ते रद्द समजावं, खरं वय त्रेपन्न, असं दुसरं अ‍ॅफिडेव्हिट झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत भेटायचं ठरलं. मी पोचलो तर बाकावर अक्का बसली होती आणि तिच्या शेजारी चांगुणा. दोघी भांडत होत्या. कोथिंबिरीवर पाणी कुणी मारायचं होतं आणि कुणी मारलं नाही, हा विषय होता. चांगुणा आली म्हणजे मागोमाग देवराम येणार आणि बँकेत तमाशा होणार.

ट्रेनिंगहून आलेले साहेब तरुण होते. त्यांनी रेशन कार्ड पाहिलं, मग दोन्ही अ‍ॅफिडेव्हिटं शेजारी शेजारी ठेवली.

"रेशन कार्डावर साठ. पहिल्या कागदावर चाळीस. दुसऱ्यावर त्रेपन्न. यातल्या कोणत्या बाईंचं खातं उघडायचं?"

"जी समोर बसलीय तिचं," अक्का म्हणाली.

"पण हे कशासाठी केलंत?"

"पंचेचाळीसची अट आहे ना," मी हळूच म्हणालो.

"कोण म्हणालं?"

मी भिंतीकडे पाहिलं.

"अहो, वरच्या वयाची अटच नाही," साहेब म्हणाले. "भारतात राहणारी कोणतीही व्यक्ती. नोकरी असो नसो, टॅक्स भरो न भरो. बाई असो, बुवा असो, कुणाची संमती लागत नाही. अल्पवयीन मुलाच्या नावानं पालकाला उघडता येतं. माणशी खातं मात्र एकच."

"ज्याला ऑफिसचा फंड आहे त्याला?"

"त्यालासुद्धा. तुम्ही कुठे असता?"

"हिशोब शाखेत," मी म्हणालो. हे दोन शब्द मी आयुष्यात इतक्या हलक्या आवाजात कधी उच्चारले नव्हते.

साहेबांनी दुसरं अ‍ॅफिडेव्हिट ठेवून घेतलं, पहिलं मला परत दिलं आणि म्हणाले, "हं, पैसे आणलेत?"

अक्कानं चांगुणाकडे पाहिलं. चांगुणा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कमरेशी काहीतरी सोडवलं आणि फडक्यात घट्ट बांधलेली गाठोडी काउंटरवर ठेवली.

"हिच्याकडे होते?" मी अक्काला विचारलं.

"मग कुणाकडं?" अक्का म्हणाली. "तो माझी पेटी रोज उचकतो. बायकोच्या कमरेला हात घालून पैसं काढायची हिंमत नाय त्याची."

"पण त्या दिवशी गल्लीत ही तुझ्याच नावानं..."

"मग काय गप बसू?" चांगुणा म्हणाली. "गप बसले असते तर त्याला शक आला नसता का, मामा? अन भांडण काय खोटं नव्हतं. ह्या माझं डोकं खातातच."

"अन ही माझं," अक्का म्हणाली.

भरपाई आल्या दिवसापासून पैसे सुनेच्या कमरेला होते. त्यातला एक पैसा हलला नव्हता. मोजून घेणाऱ्या कॅशियरनं फक्त एवढंच विचारलं, की नोटांना मेथीचा वास का येतो.

फॉर्मवर अंगठा झाला. त्या अंगठ्यावर कोयत्याच्या आणि भाजीच्या देठांच्या इतक्या रेघा होत्या, की ठसा गिचमिड उठला. साहेबांनी पुन्हा घेतला. मग त्यांनी विचारलं, "वारस कोण लावायचा? तुमच्या मागं पैसे कोणाला मिळावेत?"

मी आपला देवरामचं पूर्ण नाव सांगायला तोंड उघडलं.

"चांगुणा देवराम," अक्का म्हणाली. "माझी सून."

चांगुणाला जगातल्या कोणत्याही वाक्यावर उत्तर असतं. त्या वेळी मात्र ती काउंटरच्या काठावर नखानं रेघा ओढत राहिली. साहेबांनी नाव लिहिलं, तरी ती वर बघेना.

"आता रडू नको," अक्का म्हणाली. "कागद भिजंल. परत अ‍ॅफिडेव्हिट करावं लागंल."

देवरामला ते त्याच दिवशी कळलं. चार दिवस तो घरात कुणाशी बोलला नाही, जेवला मात्र रोज, कारण चांगुणानं ताट वाढून समोर ठेवलं आणि अक्का तिथून उठून बाजारात निघून गेली. बयाणा बुडाला. तो टेम्पो दुसऱ्या कुणी तरी घेतला आणि म्हणे पहिल्याच फेरीला ओझरजवळ त्याचं चाक निघून शेतात गेलं. देवराम मग पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. माझ्याशी बोलणं बंद ते बंदच होतं. लग्नकार्यात समोर आला की वाकून पाया पडायचा आणि न बोलता निघून जायचा. मला ते शिव्यांपेक्षा जड जाई.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला. एका संध्याकाळी आमच्या दारात टेम्पो थांबला. देवराम खाली उतरला, द्राक्षांची एक पेटी ओट्यावर ठेवली आणि तिथंच उभा राहिला. अंगावर खाकी शर्ट होता. तो खराच ड्रायव्हर दिसत होता.

"बस ना," मी म्हणालो.

तो बसला. हातातली किल्ली बोटाभोवती फिरवू लागला.

"मामा, ते खातं ड्रायव्हर माणसाला मिळतं का?"

"मिळतं. कोणालाही." यावेळी मी हळू बोललो.

"पगारातून थोडं थोडं टाकायचं म्हणतो. एकदम नाय जमणार."

"थोडं थोडंच टाकायचं असतं."

"वारस चांगुणाला लावा." त्यानं आत डोकावून लताबाई जवळ नाहीत ना ते पाहिलं. "पण तिला सांगू नका. आईलाबी नको. दोघी एक झाल्यात."

"कशावरून?"

"हल्ली भांडणं लवकर आटपतात."

बँकेतून आणलेला एक जादा फॉर्म माझ्या कपाटात होता. तो मी काढला, बाहेरच्या दिव्याखाली बसून त्याचं नाव, पत्ता भरला आणि सही कुठं करायची ते दाखवलं. त्यानं एकेक अक्षर जपून काढत सही केली. मग तो पाया पडण्याआधीच मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "येतो मामा," आणि टेम्पो सुरू करून गेला.

टेम्पो कोपऱ्यावर वळतो न वळतो, तोच भिंतीवर झुंबरअण्णांचं डोकं आलं.

"भाचा होता ना? बरेच दिवसांनी. काय काम काढलं?"

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. कोण पात्र, कोण अपात्र, वयाची अट आहे की नाही, साहेब काय म्हणाले, सगळं. मी पेटीतला एक घड उचलून भिंतीवरून त्यांच्या हातात दिला.

"द्राक्षं द्यायला आला होता."

अण्णांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "यंदा द्राक्षाला गोडी नाही."

मी देवरामचा फॉर्म शर्टाच्या आत सरकवला आणि पेटी उचलून घरात गेलो.